फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी कशाला?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो असा प्रवास ती पहिल्यांदाच एकटीने करणार आहे. मुंबईत तपासणी झाल्यावर फ्रँकफर्टला पुन्हा कशासाठी? तिच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलाय, त्याची तिने फार धास्ती घेतली आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : पुन्हा होणारच, हे आईंना आत्ताच सांगून ठेवा. अमेरिका, कॅनडा, सिंगापूर अशा मोजक्या देशांतली तपासणी युरोपीय संघ आपल्या बरोबरीची मानतो. भारत त्या यादीत नाही. आईंवर कुणाचा संशय नसतो. मुंबईहून आलेले इतर प्रवासीही त्याच रांगेत असतात.

लेकीकडे जाताना मी गेली बारा वर्षं युरोपातूनच जाते. पहिल्या खेपेला मी बायकांची वेगळी रांग शोधत राहिले. आपल्यासारखी ती तिथे नसते, पडद्याआडचा कोपराही नसतो. स्कॅनरमध्ये जमिनीवर पावलं काढलेली असतात, त्यांवर उभं राहून हात वर धरायचे. यंत्राच्या पडद्यावर माणसाची नुसती आकृती येते आणि शंकेच्या जागी चौकोन उमटतो. माझा चौकोन हमखास निऱ्यांवर यायचा, साडीच्या पिनेमुळे. मग बाई कर्मचारी येऊन तेवढ्या जागी हात फिरवते. गुडघ्यातला सांधा शरीराच्या आत असतो, तो या स्कॅनरला सहसा दिसत नाही; धातू शोधणाऱ्या चौकटीतून जावं लागलं आणि ती वाजली, तर तिथेही असाच हात फिरवतात. संकोच वाटला तर आडोशाची खोली मागता येते. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र जवळ ठेवा, पण त्याने तपासणी टळत नाही.

खरं जपायचं ते द्रवपदार्थांना. मुंबईच्या ड्यूटी फ्री दुकानात मी लेकीसाठी अत्तर घेतलं होतं. सीलबंद पिशवीत होतं, पावतीही आत. विमानात वास बघावा म्हणून मीच सील फोडलं. पुढच्या तपासणीत बाटली गेली, कारण सील फुटलं की १०० मिलिलिटरची मर्यादा लागते. अजून हळहळ वाटते. आईंना पिशवी शिकागोपर्यंत उघडू देऊ नका. विमानात मिळालेली पाण्याची बाटलीही रांगेआधी रिकामी करायची. लोणचं, तूप चेक-इनच्या बॅगेत. प्रवासात लागणारं औषध मात्र १०० मिलिलिटरच्या वर चालतं, सोबत चिठ्ठी हवी. आणि मेतकूट! अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असली तर जादा तपासणी होते, समाधान झालं नाही तर ती नेऊ देत नाहीत. तेही खालच्या बॅगेत टाका.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. रांगेत उशीर होऊन पुढचं विमान चुकलं, तर दुसऱ्यात बसवून देणं कंपनीचं काम ठरतं.

शेवटचं, आणि हे टाळू नका : व्हीलचेअर मागा. फ्रँकफर्टला चालणं खूप आहे, दुखऱ्या गुडघ्याला ते झेपणार नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाप्रमाणे विमानतळावरची ही मदत मोफत असते; विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं. तपासणी तेव्हाही होते, पण सोबतचा माणूस रांगेतून पार पुढच्या गेटपर्यंत नेतो.