वायर हलवली की यंत्र चालते : व्हॅक्यूम क्लीनरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे साधारण नऊ वर्षांपूर्वी घेतलेला १२०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. दिवाळीची आवराआवर करताना तो मध्येच बंद पडू लागला. वायर जरा हलवली की चालतो, पुढे ओढला की थांबतो. दुकानदार संपूर्ण वायर बदलायला सांगतात, तर शेजारी म्हणतात की खराब भाग कापून टेप गुंडाळली तरी भागेल. हे काम घरी करता येईल का, आणि वायर कोणती आणावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वायर हलवल्यावर यंत्र चालू-बंद होते हे आपण नेमके टिपले आहे, कारण दोष वायरीत असल्याची ती बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे. व्हॅक्यूम क्लीनर पंधरा-वीस मिनिटे चालून आपोआप थांबतो आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने पुन्हा सुरू होतो, हा प्रकार वेगळा. त्यात धुळीची पिशवी किंवा फिल्टर तुंबल्यामुळे मोटारीला थंड ठेवणारी हवा कमी पडते आणि मोटार तापली की आत बसवलेला थर्मल कट-आउट वीज तोडतो. अशा वेळी वायर बदलून खर्च मात्र होतो, दोष तसाच राहतो.

तरीही संपूर्ण वायर बदलण्याचा सल्ला मी एवढ्यात देणार नाही. पाच-सहा मीटरांची वायर मधोमध क्वचितच तुटते. ती तुटते टोकांना : एक तर प्लगच्या मानेपाशी, कारण आपल्यापैकी बहुतेक जण प्लग न धरता वायर ओढूनच तो सॉकेटमधून काढतात, नाही तर यंत्राच्या तोंडाशी किंवा आतल्या ड्रमपाशी, कारण पलीकडच्या खोलीपर्यंत पोहोचण्यासाठी वायर ताणली जाते. वायरीवर पिवळा आणि लाल असे दोन पट्टे असतात, त्यांतला पिवळा म्हणजे पुरेशी बाहेर काढली आणि लाल म्हणजे आता ओढू नका; पण घाईत तिकडे कोणाचे लक्ष जाते?

दोष कोणत्या टोकाला आहे हे यंत्र न उघडताही कळते. प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा, यंत्राचे बटण चालू स्थितीत करावे आणि विजेचा रोध मोजणाऱ्या मल्टीमीटरची दोन्ही टोके प्लगच्या दोन पिनांना लावावीत. वायर धड असेल तर मोटारीचा रोध काही ओहम दिसतो. आता प्लगपासून सुरुवात करून एकेक वीत वायर वाकवत पुढे जावे. ज्या जागी आकडा उडतो किंवा नाहीसा होतो, तिथे आतले तांबे तुटले आहे. मात्र वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेल्या यंत्रांत ही परीक्षा उपयोगी पडत नाही, कारण मध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट येते. आणखी एक बारीक गोष्ट : यंत्र नुकतेच बंद केले असेल तर आतल्या कपॅसिटरमधल्या शिल्लक विजेमुळे पिनांना हात लागताच झिणझिणी येऊ शकते, म्हणून थोडा वेळ जाऊ द्यावा.

दोष प्लगपाशी निघाला तर काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते घरी करायला हरकत नाही. वीतभर वायर प्लगसकट कापून टाकावी आणि कापलेल्या टोकाचे तांबे उजेडात पाहावे. ते लालसर आणि चकचकीत असले पाहिजे. काळपट, हिरवट किंवा बोटाने दाबताच तुटणारे असेल तर उष्णता अथवा ओल आतपर्यंत गेली आहे असे समजून आणखी वीतभर कापावे. मग आयएसआय चिन्हाचा, स्क्रूने उघडणारा प्लग आणून तारा सोलाव्यात, केसासारखे तंतू एका दिशेने पिळावेत आणि स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने ते त्याभोवती गुंडाळावेत. टोकाला डाख (सोल्डर) देऊन ते घट्ट करण्याची हौस काहींना असते, पण स्क्रूच्या दाबाखाली डाख हळूहळू दबतो, पकड सैल होते आणि काही महिन्यांत प्लग तापू लागतो. प्लगमधली वायर दाबून धरणारी पट्टी वायरीच्या बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या तारांवर नव्हे, कारण ओढ बसली तर ती आवरणाने सोसायची असते.

दोष यंत्राच्या आत असेल तर गोष्ट निराळी. आत वायर एका ड्रमवर गुंडाळलेली असते आणि ड्रमच्या पोटात घड्याळाच्या कमानीसारखी पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती निसटली तर बोटे कापते आणि पुन्हा बसवता बसवता जाणत्या कारागिराचीही दमछाक होते. ज्यांना सवय आहे ते आधी वायर पूर्ण बाहेर ओढून, ड्रम आणि चौकट यांमध्ये खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर अडकवून ड्रम जागीच अडवतात, मग जुनी वायर सोडवून नवी जोडतात आणि शेवटी ड्रम हाताने धरून सावकाश सोडतात. आपण हे काम पहिल्यांदाच करणार असाल तर ते यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतही खराब झालेली वायर उत्पादकाच्या सेवा केंद्राकडून किंवा तितक्याच जाणकार व्यक्तीकडून बदलून घेण्याची सूचना बहुधा दिलेली असते. शिवाय यंत्राचे प्लास्टिक नुसत्या खाचांत अडकवलेले असते आणि शेवटचा स्क्रू हमखास एखाद्या चाकाखाली दडलेला असतो.

वायर निवडताना वॅटवरून हिशेब करावा. १२०० भागिले २३० म्हणजे पाच अँपिअरहून थोडे अधिक, त्यासाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा प्लग पुरतो. १४०० वॅटच्या यंत्राला सहा अँपिअरहून किंचित जास्त प्रवाह लागतो, तेव्हा १ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा प्लग घ्यावा. ड्रम असलेल्या यंत्रात नव्या वायरीची बाहेरची जाडीही जुनीइतकीच हवी, नाही तर ती ड्रमवर मावत नाही. यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते, त्याला अर्थिंगची तार लागत नाही आणि दोन तारांची वायर चालते. तीन तारा असतील तर हिरवी-पिवळी तार अर्थिंगची असते. ती प्लगमध्ये इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेलीच तर सर्वांत शेवटी तीच सुटते.

राहता राहिला टेपचा जोड. पंख्याची न हलणारी वायर असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो, पण इथे वायर दर वेळी ओढली, वाकवली आणि गुंडाळली जाते. जोडाच्या जागी रोध वाढतो, पाच अँपिअरला ती जागा तापते, टेपचा गोंद वितळतो आणि फुगीर जोड ड्रममध्ये शिरताना अडकतो. शेजाऱ्यांचा सल्ला मानू नये.

प्रश्न : वायरीतून ठिणगी उडालेली मी स्वतः पाहिली, तरी घरातला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडला नाही. तो बिघडला आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. यंत्रात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलीअँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे वीज माणसातून किंवा जमिनीत गळू लागली, तरच तो पडतो. एकाच तारेचे तंतू तुटून ठिणगी उडते तेव्हा गळती नसते. प्रवाहही वाढत नसल्याने जादा प्रवाहावर वीज तोडणारा एमसीबीदेखील पडत नाही. ईएलसीबी नीट आहे की नाही हे त्यावरचे चाचणीचे बटण दाबून पाहावे.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून चांगला व्हॅक्यूम क्लीनर आणला आहे. प्लग बदलला तर इथे चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. तिकडचा दाब १२० व्होल्टचा, आपला २३० चा. जवळजवळ दुप्पट दाबावर ती मोटार चौपटीच्या आसपास वीज खेचू पाहते आणि थोड्याच वेळात जळते. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण बारा अँपिअरच्या यंत्रासाठी तो दीड-दोन हजार व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) क्षमतेचा लागेल आणि इतका जड असेल की खोलीखोलीतून तो फिरवणे कोणालाही परवडणार नाही. इथला साधा व्हॅक्यूम क्लीनर घेतलेला बरा. घरगुती यंत्रांच्या नळ्या बहुधा ३२ किंवा ३५ मिलिमीटरच्या असतात. माप जुळले तर मुलाने आणलेले ब्रश त्यालाही बसतील.