चौथा कोर्स नको, दुकानातली उधारीची वही उघडा

तुमचा प्रश्न असा की पायथनचे लूप, फंक्शन, लिस्ट येतात, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे (माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधून प्रोग्राम लिहायची पद्धत) तीन कोर्स पाहून झाले, तरी कोरी फाइल उघडली की काय लिहावं सुचत नाही. आता चौथा कोर्स कुठला करू आणि किती दिवस लागतील? जाता जाता तुम्ही लिहिलंय की वडिलांचं किराणा दुकान आहे आणि संध्याकाळी तुम्ही गल्ल्यावर बसता. त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो.

चौथा कोर्स करू नका. तिन्ही कोर्समध्ये तुम्ही प्राणी, कुत्रा, मांजर हेच उदाहरण पाहिलं असणार. कुत्र्यानं भुंकायचं, मांजरीनं म्याव करायचं. यातून कुणालाही काहीही कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

2014 साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजात टर्बो सी++ची निळी स्क्रीन आणि फळ्यावर शेप, त्याखाली सर्कल आणि रेक्टँगल. सर चार व्याख्या लिहून द्यायचे आणि त्या तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय मशीनवर बसू द्यायचे नाहीत. माझ्या पाठ होत्या. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, कशाला लागतो, एक फंक्शन पुरे की, असं विचारलं की उत्तर एकच: "आधी पाठ करा, मग आपोआप कळेल."

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमच्या तात्यांचं, म्हणजे चुलत्यांचं, दूध संकलन केंद्र आहे. तेव्हा 62 उत्पादक होते. सकाळ-संध्याकाळ किटल्या यायच्या, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघायचं, दरपत्रकातून दर काढायचा, पासबुकात लिहायचं आणि तेच परत वहीत. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार, त्यातून पेंडेची आणि उचलीची कपात. पगाराच्या आदल्या रात्री तात्या आणि काकू दोन वाजेपर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले मी लहानपणापासून पाहत आलोय. म्हटलं, हे आपण करू.

लॅपटॉपवर पायथन घेतलं. आधी सगळं लिस्ट आणि डिक्शनरीत कोंबलं. चौथ्या दिवशी मलाच कळेना की कुठल्या लिस्टमधला सतरावा आकडा कुणाचा. मग 'उत्पादक' नावाचा क्लास केला. त्यात नाव, उचल आणि 'नोंदी' नावाची रिकामी लिस्ट. रोजची नोंद त्या लिस्टमध्ये टाकायची आणि दहाव्या दिवशी बेरीज.

दहाव्या दिवशी पहिलं बिल छापलं ते एका आजींचं. घरी एकच गाय, वेळेला चार लिटर दूध. दहा दिवसांचं ऐंशी लिटर व्हायला हवं होतं. बिलावर आलं 5,816 लिटर. दुसऱ्याचं छापलं, तिथंही 5,816. सगळ्यांचं तेच. आख्ख्या गावाचं दूध प्रत्येकाच्या नावावर! आणि गंमत अशी की उचल प्रत्येकाची बरोबर येत होती. उचल आणि नोंदी दोन्ही मी क्लासच्या अंगात एकाखाली एक लिहिल्या होत्या, मग एक बरोबर आणि एक चूक कशी? दोन रात्री झोप लागली नाही.

तात्या कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. त्यांनी माझा छापील कागद आणि त्यांची वही शेजारी ठेवली. वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. वरती उत्पादकाचं नाव. ते म्हणाले, "रकाने सगळ्यांना सारखेच असतात रे, पण पान ज्याचं त्याला पाहिजे का नको? तू सगळ्यांचं एकाच पानावर मांडलंयस."

तंतोतंत तेच झालं होतं. क्लासच्या अंगात लिहिलेली लिस्ट एकच असते आणि सगळे ऑब्जेक्ट तिच्यातच भर टाकतात. उचलीला मात्र मी दर वेळी 'सेल्फ'वर नवी किंमत देत होतो, त्यामुळे पायथन गुपचूप प्रत्येकाची वेगळी उचल तयार करत होतं. नोंदींची ओळ उचलून 'इनिट'मध्ये, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, 'सेल्फ'वर टाकली आणि आजींचं ऐंशी लिटर आलं. क्लास म्हणजे आखलेले रकाने, ऑब्जेक्ट म्हणजे एकेकाचं पान, आणि 'सेल्फ' म्हणजे "आत्ता उघडलेलं पान". तीन महिने पाठ करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते वहीच्या एका पानानं शिरलं.

इनहेरिटन्सचंही, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास काढण्याचंही, तसंच. मी मोठ्या हौसेनं 'गाय उत्पादक' आणि 'म्हैस उत्पादक' असे दोन उपक्लास केले होते, कारण दर वेगळे. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून ठरतो, म्हशीचा 6 आणि 9 ला. सुट्टी संपायच्या आधी एक गडी दोन किटल्या घेऊन आला, एक गाईची, एक म्हशीची. त्याला कुठल्या क्लासात घालू? फरक माणसात नव्हताच, दुधात होता. मग उत्पादक एकच ठेवला, प्रत्येक नोंदीला तिचं दरपत्रक जोडलं, आणि गाईचं दरपत्रक, म्हशीचं दरपत्रक असे दोन क्लास केले. नोंद फक्त विचारते, "दर किती?" समोर कुठलं दरपत्रक आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात हे मला नंतर व्याख्या परत वाचताना उमगलं.

तोंडी परीक्षेत मी हेच सांगितलं. सर म्हणाले, "दूध राहू दे, व्याख्या सांग." 25 पैकी 11 मिळाले. त्यांना तेव्हा मला जे सांगता आलं नाही ते इथे सांगतो. क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना व्याख्येतून जन्मलीच नाही. नॉर्वेत ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी 1960च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली, ती प्रत्यक्षातल्या व्यवस्था, रांगा, कामाचे टप्पे संगणकावर चालवून बघण्यासाठी. 1967च्या सिम्युलात क्लास आणि ऑब्जेक्ट आले. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्द ॲलन के यांनी नंतर दिला. म्हणजे आधी काम, मग नाव. मुलांना मात्र आपण उलट शिकवतो आणि वर त्यांनाच मठ्ठ ठरवतो. याचा मला आजही राग येतो.

आता किती दिवस? माझी सुट्टी तीन आठवड्यांची होती आणि कोड त्यानंतर मी निदान चार वेळा मोडून परत लिहिला. तुमचं वेगळं असेल. मुलाखतीला जाणार असाल तर त्या चार व्याख्या पाठ कराच, तिथं अजूनही विचारतात. आणि शंभर ओळींची फाइल असेल तर क्लास करायचा हट्ट धरू नका, फंक्शन पुरतात. रकमा दशांशात ठेवू नका, पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज बरोबर 0.3 येत नाही. सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात मांडा.

आज गल्ल्यावर बसाल तेव्हा उधारीची वही समोर घ्या. 'गिऱ्हाईक' नावाचा क्लास लिहा, दोन गिऱ्हाइकं तयार करा, एकाच्या नावावर दोन किलो साखर मांडा आणि दुसऱ्याची उधारी छापून बघा. ती शून्य आली पाहिजे.