टाका घालू की पडून राहू?

प्रश्न : मी विडी घरकुलात राहते, घरी विड्या वळते. पहिली मुलगी सातव्या महिन्यातच झाली, दीड महिना काचेच्या पेटीत होती. आता दुसऱ्या वेळी २१ आठवडे झालेत. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी १९ मिलिमीटर आली. डॉक्टर टाका घालू म्हणतात, रात्री आतून ठेवायच्या गोळ्याही दिल्यात. सासूबाई म्हणतात, टाक्यानं बाळाला इजा होईल, त्यापेक्षा खाटेच्या पायथ्याला विटा लावून पडून राहा. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, टाका घालून घ्या, आणि दिवस घालवू नका. आधीचं बाळ लवकर झालेलं असेल आणि २४ आठवड्यांच्या आत तोंड २५ मिलिमीटरपेक्षा आखूड दिसलं, तर टाक्याचा खरा उपयोग होतो. तुमच्या हातात तीनच आठवडे आहेत.

टाका बाळाला लागत नाही. बाळ वर पाणमोटेत असतं, टाका खाली तोंडाभोवती पडतो, बटव्याची दोरी आवळावी तसा. पाणमोट फुटण्याचा, जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो. तो डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. ३६-३७ आठवड्यांना टाका काढतात. या शस्त्रक्रियेची एक पद्धत मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी १९५५ साली मांडली, आजही जगभर ती त्यांच्याच नावानं ओळखतात. सासूबाईंना हे जरूर सांगा.

विटा मात्र आजच काढा. सासूबाईंची माया मला कळते, नातीला दीड महिना काचेआडून पाहिलंय त्यांनी. पण नुसतं पडून राहिल्यानं बाळंतपण पुढे जातं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, अंगातली ताकद जाते. घरात हिंडा-फिरा, स्वयंपाक करा. पाण्याच्या घागरी दुसऱ्या कुणी उचलाव्यात.

गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या आहेत, बहुधा २०० मिलिग्रॅमच्या. झोपताना ठेवायच्या, एकही रात्र चुकवायची नाही, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत. सकाळी कपड्याला पांढरट, तेलकट डाग दिसेल. तो औषधाचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी हा डाग बघून घाबरतात आणि परस्पर गोळ्या बंद करतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. मिश्री लावत असाल तर आज बंद करा, तंबाखूनंही बाळ लवकर येतं आणि वजनाला कमी भरतं. मांडीवरचं तंबाखूचं सूपही हे चार महिने खाली ठेवता आलं तर फार बरं. मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच घरच्यांनी आत्ता हातभार लावायला हवा.

पाण्यासारखं वाहू लागलं, रक्त दिसलं, कंबर थांबून थांबून दुखू लागली किंवा खाली दाब जाणवला, तर रात्र असली तरी १०८ला फोन करा. दवाखान्यात पोचताच आधी सांगा, ‘टाका घातलाय.’ कळा सुरू झाल्या तर तो लगेच कापावा लागतो, नाहीतर तोंड फाटतं. फाइलच्या पहिल्या पानावरही हे ठळक लिहून घ्या, म्हणजे सोबत कुणीही असलं तरी डॉक्टरांना कळेल.