'डेटा बस'मधली बस आणि 'रामेभ्यः'

प्रश्न असा आला आहे: संगणकातल्या 'डेटा बस'चा, म्हणजे त्याचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारांचा, रस्त्यावरच्या बसशी संबंध काय, आणि जादा कार्ड खोचायच्या खाचेला, म्हणजे 'एक्स्पान्शन स्लॉट'ला, मराठीत काय म्हणावे?

संबंध आहे, पण शिकवतात तो नाही. 'डेटा हे प्रवासी, आणि बस त्यांना प्रोसेसरपर्यंत पोचवते' हे क्लासच्या नोट्समधले वाक्य ऐकून कान किटले. या बसमध्ये कोणी चढत नाही, उतरत नाही; ती जागची हलतही नाही. त्याहून वाईट म्हणजे बस हे 'बायनरी युनिट सिस्टिम'चे लघुरूप असल्याची थाप. शब्द आधी आणि त्याचा फुलफॉर्म मागाहून, असल्या बारशाला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

मूळ लॅटिन 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये भाड्याच्या घोडागाड्यांना हे नाव पडले आणि इंग्रजीने पुढचा भाग छाटून 'बस' तेवढी ठेवली. आता गंमत पाहा. छाटला तो शब्द, उरला तो निव्वळ विभक्तिप्रत्यय! चतुर्थीचे अनेकवचन. शाळेत 'रामाय रामाभ्याम् रामेभ्यः' घोकले असेल, तर त्यातला 'भ्यः' आणि लॅटिनचा 'बुस' एकाच कुळातले. 'सर्वांना'मधले 'सर्वां' टाकून देऊन आपण नुसत्या 'ना'ची वाट पाहत थांब्यावर उभे राहतो, असा हा प्रकार.

संगणकवाल्यांनी शब्द उचलला तो वीजवाल्यांकडून, एसटी डेपोतून नव्हे. पॅनेलमधला 'बसबार' म्हणजे तांब्याची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची ती जाड पट्टी, जिच्यावरून सगळ्या शाखांना वीज मिळते. तिचे जुने नाव 'ओम्निबस बार'. डेक कंपनीने १९७० साली पीडीपी-८/ई हा संगणक काढला, तेव्हा त्याच्या बसला तर चक्क 'ओम्निबस' हेच नाव दिले! याहून भक्कम साक्ष कुठली हवी?

तेव्हा अर्थ वाहतुकीचा नाही, सामाईकपणाचा आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत ६२ पिनांचे स्लॉट एकाच तारांवर ओवलेले होते. प्रोसेसरने पत्ता पुकारला की तो सगळ्या कार्डांना ऐकू जाई. ज्याचा असेल त्याने उत्तर द्यायचे. १९८४च्या 'एटी' या आयबीएमच्याच पुढच्या पीसीत तारा वाढल्या, रीत तीच. म्हणून कोशकारांचा 'वाहिनी' मला साफ अमान्य. त्यात वाहणे आले आणि 'सर्वांना' गेले, म्हणजे नेमके जे हवे तेच गेले. सामाईक विहीर, सामाईक भिंत म्हणतो तशा 'सामाईक तारा' म्हणा.

या हिशेबाने पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे आजच्या संगणकांत कार्डे जोडायची पद्धत, ही बसच नव्हे. तिच्या आधीच्या, १९९२च्या पीसीआयपर्यंत तारा सामाईक होत्या. एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या वेगळ्या लेन, म्हणजे तारांच्या जोड्या. सॉफ्टवेअरला तिथे अजून बस क्रमांक दिसतात, सबब ती बसच, असे काही अभियंते ऐकवतात. दप्तरी नाव राहिले म्हणून तारा सामाईक होत नाहीत. आणि नव्या ग्राफिक्स कार्डाला नुसते 'पीसीआय' म्हणणाऱ्यांनी ते एकदा जुन्या पीसीआय स्लॉटात बसवून दाखवावे.

हां, 'एक्स्पान्शन स्लॉट'. दुकानात सगळे 'स्लॉट'च म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.