गीतपुस्तकाच्या कव्हरातल्या गोळ्या

प्रिय भगिनी,

आपले पत्र चार पानांचे आहे. धाकट्या भावाचे नैराश्य, वर्षभर चाललेले उपचार, मंडळीत त्याचे नाव घेऊन झालेल्या प्रार्थना, त्याला पाठ करायला दिलेली वचने, हे सारे त्यात सविस्तर आले आहे आणि शेवटी प्रश्न आहे की, त्याचा विश्वास दृढ व्हावा म्हणून आता मी त्याच्याशी काय बोलू? तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य आपण जाता जाता लिहून टाकले आहे. खोली आवरताना त्याच्या गोळ्यांची स्ट्रिप गीतपुस्तकाच्या कव्हरात खोचलेली सापडली, आणि पुढच्याच ओळीत आपण उपवास-प्रार्थनेकडे वळलात. मला काही त्या वाक्यापुढे जाता आले नाही.

सव्वीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या घरात औषध लपवून घेतो आहे. कोणापासून लपवतो? घरात आपण, तो आणि आई. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या रोज रात्री आपण स्वतः तिच्या हातावर ठेवता, असे आपणच लिहिले आहे. त्या देताना तिच्या विश्वासाची चौकशी करत नसाल. भावाला मात्र औषधे सोडून बऱ्या झालेल्या एका बहिणीची साक्ष आपण दोनदा ऐकवलीत. मग त्याने स्ट्रिप उघड्यावर कशी ठेवावी? शिवाय, लपवून घेतलेले औषध लपूनच बंदही होते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा काही आठवडे जातात, आणि त्या एकाएकी सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होऊ शकतात, मूळ आजारही उलटू शकतो. उद्या त्याने त्या सोडल्या, तर आपल्याला पत्ताही लागणार नाही.

‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन आपण त्याच्या आरशावर चिकटवले आहे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या ज्या पत्रात ते आहे, त्याच पत्राचा दुसरा अध्याय आज पुन्हा वाचा. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीला पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचण्याइतका आजारी होता, आणि आपल्या आजाराची बातमी फिलिप्पैकरांना कळली म्हणून तो बेचैन होता, हे पौल मोकळेपणाने लिहितो. तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, हेही लपवत नाही. या बेचैनीबद्दल तो एपफ्रदीताला बोल लावत नाही. उलट, त्याचे आनंदाने स्वागत करा आणि अशांचा मान राखा, असे मंडळीला सांगतो.

आणि एलीया? कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहून आलेला हा संदेष्टा लगेचच रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याचा विश्वास कच्चा होता, असे म्हणायची आपली तयारी आहे का? देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, तरी दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देव विचारतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेब पर्वतावर. आपण हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारलात, ताई, आणि अजूनही विचारत आहात.

म्हणून त्याच्याशी काय बोलावे याचे माझे उत्तर एवढेच आहे: आज रात्री त्याच्या खोलीत जा आणि त्याची क्षमा मागा. ‘तुला औषध लपवावे लागले, ते माझ्यामुळे. यापुढे ते आईच्या गोळ्यांशेजारी ठेव’, इतके म्हणा आणि थांबा. वचन जोडू नका, त्याच्यादेखत प्रार्थनाही सुरू करू नका. ती आपल्या खोलीत करा, देव तिथेही ऐकतो. सभेत त्याचे नाव घेणे बंद करा आणि पुन्हा घ्यायचे झाल्यास आधी त्याला विचारा. औषध कधी कमी करायचे, हे त्याचे डॉक्टर ठरवतील. साक्ष देणाऱ्या भगिनी नाहीत, आपण नाही आणि मीही नाही.

मरणाचे विचार येतात का, हेही त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. होय म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नाही म्हणाला, तर पुढच्या तपासणीला सोबत येऊ का, असे विचारा; तो नको म्हणाला, तर दुखावून न जाता घरी थांबा.