‘सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, म्हणजे कापसातून सरकी काढून उरलेल्या रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी नऊ वर्षांपासून व्यवस्थापक आहे. हंगामात दोन पाळ्यांत मिळून सत्तरेक माणसे कामावर असतात. गेल्या जानेवारीत एका रात्री कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा यंत्रात अडकून ठिणगी उडाली. फिटर आणि मुकादमाने यंत्र साफ करून पुन्हा सुरू केले, पण मला कळवले नाही. पहाटे रुईच्या ढिगातून धूर निघाला. कोणाला इजा झाली नाही, मात्र वीस गाठींची रुई गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फाटकाजवळ गोळा करून मी ‘काऊन सांगितलं नाही?’ असे तीनदा विचारले, तरी एकानेही तोंड उघडले नाही. वास्तविक मी शांत स्वभावाचा माणूस आहे, माझ्या खोलीत कोणीही केव्हाही येऊ शकतो. त्याच्या आदल्या हंगामात न विचारता यंत्र बंद ठेवल्याबद्दल याच फिटरची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली होती, पण तो नियमच आहे. आता मालक मुकादम आणि पर्यवेक्षकांना नेतृत्व-प्रशिक्षणासाठी दोन दिवस नागपूरला पाठवणार आहेत. त्याने माणसे बोलू लागतील का?
— एक व्यवस्थापक

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे आणि ते आपण जाता जाता लिहून गेला आहात. यंत्र थांबवले की मजुरी कापली जाते, हे त्या फिटरने एका हंगामात शिकून घेतले आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनी ते पाहून शिकले. ठिणगी उडाल्याचे आपल्याला सांगायचे, तर यंत्र किती वेळ थांबले हेही सांगावे लागले असते. त्याने हिशेब केला आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो हिशेब चुकीचा नव्हता. ठिणगी रुईच्या आत तासन्‌तास धुमसत राहते हे त्यालाही ठाऊक असणार. तरीही नक्की होणाऱ्या कपातीपुढे कदाचित लागणारी आग त्याला लहान वाटली. एका गाठीचे १७० किलो धरले, तर वीस गाठी म्हणजे ३,४०० किलो रुई, म्हणजे सरकीसकट साधारण शंभर क्विंटल कापूस. अर्ध्या दिवसाच्या मजुरीपायी कारखान्याने एवढे गमावले.

आपण स्वतःला शांत म्हणवता आणि त्याच पत्रात सत्तर माणसांसमोर तीनदा जाब विचारल्याचे सांगता. हे मी दोष काढण्यासाठी लिहीत नाही. तरुणपणी एका सूतगिरणीत पर्यवेक्षक असताना मलाही आपण फार प्रेमळ आहोत असे वाटत असे. मी खात्यात शिरलो की बायका गाणे थांबवतात, हे एका वृद्ध जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये चार कप्प्यांची एक खिडकी मांडली. तिच्या एका कप्प्यात आपल्याविषयीच्या अशा गोष्टी असतात, ज्या इतरांना दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत. हा कप्पा एकट्याने डोळे मिटून चिंतन केल्याने उघडत नाही. तो दुसऱ्याने सांगितल्यावरच उघडतो, आणि अधिकारी माणसाची अडचण अशी की त्याचे पद जितके वरचे, तितके त्याला असे सांगणारे कमी. म्हणून स्वतःची पारख करायची असेल, तर वाईट बातमी आपल्यापर्यंत किती वेळात पोहोचते हे मोजावे. आपल्याकडे ती धूर निघाल्यावर पोहोचली.

एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या परिचारिका-गटांत चुकांची नोंद जास्त आढळली. ते गट जास्त चुकत नव्हते. तेथील परिचारिका चुका उघडपणे सांगत होत्या. आपल्या नोंदवहीत हंगामभर एकही बिघाड लिहिलेला नसेल, तर त्यावर समाधान मानू नका.

आता प्रशिक्षणाविषयी. ज्याच्या वागण्याने माणसे गप्प झाली, तो घरी राहणार आणि गप्प झालेले नागपूरला जाणार, ही योजना मला उलटी वाटते. मालकांना सांगून त्याच पैशात एखादा जाणता मार्गदर्शक हंगाम चालू असताना कारखान्यात बोलवा. यंत्रे बंद असताना एप्रिल-मे महिन्यांत त्याला काहीही दिसणार नाही. त्याने पाळी बदलताना आपल्या मागे उभे राहून आपण काय बोलता ते टिपावे आणि नंतर एकांतात सांगावे. हे ऐकणे जड जाते, पण मुकादमाला शिकवण्याचा अधिकार त्यानंतरच येतो, असे माझे मत आहे.

तोवर काही गोष्टी उद्यापासून करता येतील. पाळी संपताना आपण बहुधा ‘सगळं ठीक आहे ना?’ असे विचारत असाल. या प्रश्नात ‘हो’ हे उत्तर आधीच भरलेले आहे. त्याऐवजी ‘रात्री यंत्र कुठे अडलं?’ असे विचारा आणि नंतर गप्प राहा, कितीही अवघडल्यासारखे झाले तरी. कोणी सांगितलेच तर पहिले वाक्य ‘बरं झालं सांगितलं’ हेच असू द्या. कारण पुढच्या वेळी सांगायचे की नाही, हे सगळे त्या वाक्यावरून ठरवतात. चूक दाखवायची असेल तर यंत्राविषयी बोला, माणसाच्या स्वभावाविषयी नको. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामाबद्दल दिलेल्या अभिप्रायाने एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम बिघडल्याचे दिसले. अभिप्रायाने माणसाचे लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की तो घसरतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘पट्ट्याचा आवाज कधीपासून बदलला होता?’ या प्रश्नाने फिटर विचार करू लागेल; ‘तू निष्काळजी आहेस’ म्हटले की तो फक्त बचाव करील.

आणि ती कापलेली अर्ध्या दिवसाची मजुरी परत करा. सगळ्यांसमोर, त्याच फाटकाजवळ. संशय आल्यास यंत्र थांबवणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे फलकावर लिहा. मुद्दाम केलेल्या हलगर्जीसाठी शिक्षा असावीच, पण ती चौकशीनंतर आणि चार भिंतींत.

प्रश्न : वाशिम जिल्ह्यात आमचा बारा जणींचा बचत गट हळद दळून विकतो. मी अध्यक्ष आहे आणि सगळ्यांचे ऐकून घेते, तरी बैठकीत कोणीच बोलत नाही. नंतर विहिरीवर मात्र सगळ्या बोलतात.
— एक अध्यक्ष

उत्तर : ताई, गटाच्या बचतीतून सदस्यांना मिळणारे अंतर्गत कर्ज कोणाला द्यायचे यात आपला शब्द चालत असेल, तर ज्या बाईला पेरणीला पैसे लागणार आहेत, ती मार्चपासूनच आपल्याला विरोध करायचे सोडून देते. त्यात आपला स्वभाव वाईट असण्याचा प्रश्न नाही. कर्जाचा निर्णय तिघींकडे सोपवून पाहा. बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी मांडा. हळदीचा भाव काय ठेवावा हे आपण आधी सांगून टाकले की बाकीच्या अकराजणींना मान हलवण्यापलीकडे काही उरत नाही. आपण अध्यक्षपदावर किती वर्षे आहात हे पत्रात लिहिलेले नाही. तीनहून अधिक झाली असतील, तर पुढच्या बैठकीत अध्यक्ष बदलण्याचा विषय आपणच काढा.