खडकाळ नदीत गळ टाकताना शिसं सारखं अडकून तुटतं. कोणतं वजन वापरावं?

तुम्ही लिहिलंय की संगम माहुलीच्या खालच्या अंगाला एका सकाळीच शिशाचे चार गोळे आणि तेवढेच गळ गेले, म्हणून आता अजिबात न अडकणारं वजन हवंय. तसं वजन मिळत नाही. बारा वर्षं मी कृष्णेत, वेण्णेत आणि पाटणच्या बाजूला कोयनेत गळ टाकतोय. आपल्याकडचा काळा पाषाण भेगाळलेला, त्यात वजन कधी ना कधी बसणारच. बसलं तर तेवढंच जावं, गळ आणि मासा आपल्याकडे यावा, अशी बांधणी करा.

शिसं वर आणि गळ तळाला असेल तर गळच कपारीत शिरतो. उलटं करा. वजन सगळ्यात खाली, गळ त्याच्या हातभर वर, बाजूला काढलेल्या छोट्या फाट्यावर. मुख्य तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ०.३० मिमीचा असेल तर वजन ०.१८ च्या वीतभर तुकड्यानं बांधा. अडकलं की हा बारीक तुकडा तुटतो. फक्त फेकताना झटका देऊ नका, झोक द्या, नाहीतर वजन हवेतच सुटून जाईल.

मागच्या हिवाळ्यात कोयनेत शिंगटा मासा लागला आणि वजन दोन धोंड्यांच्या फटीत बसलं. तंगूस तारेसारखा ताणला, त्यावरचे थेंब उडत होते. मग हाताला बारीकसा टक्क जाणवला आणि मासा मोकळा वर आला.

तुटणारच आहे तर शिसं कशाला? काठावरचा चपटा, लांबट गोटा घ्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून त्यावर चढवा आणि त्यात तुकडा बांधा. दगड पाण्यात शिशापेक्षा जास्त हलका होतो, म्हणून ३० ग्रॅम शिशाच्या जागी ४० ते ४५ ग्रॅमचा गोटा लागतो. पैसे वाचतात आणि नदीत शिसं साठत नाही. ते विषारी आहे, बारीक छरे दातानं दाबून बसवत असाल तर आजच बंद करा. गोल गोळा धारेत घरंगळत जाऊन नेमका फटीत पडतो. चार कोनांचं टोकदार वजन समुद्रकाठच्या वाळूसाठी, इथे नको.

वजन जेमतेम तळाला टिकेल एवढंच ठेवा. गुंडाळताना काठी आधी उंच उचला आणि मग न थांबता भरभर गुंडाळा. तळावरून फरपटत आणलंत तर कुठलीच बांधणी वाचवणार नाही. डोहाचं पाणी संथ असेल तर वजन सोडूनच द्या, मोरपिसाचा देठ तरंगता ठेवून आमिष तळापासून वीतभर वर धरा.

अडकलं तर तिथूनच ओढू नका. तंगूस ढिला सोडा, धारेच्या वरच्या बाजूला चालत जा आणि तिथून हलके हिसके द्या. तोडायचाच झाला तर तो लाकडाला गुंडाळून ओढा, बोटं कापतात. सोडवायला पाण्यात उतरू नका. खाली सांगलीकडे भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर मगरी आहेत.

तुटलेला तंगूस गोळा करून घरी न्या. वेण्णेकाठी एका बगळ्याच्या पायाला तो गुंडाळलेला पाहिलाय. कात्री माझ्या खिशात होती, पण तो मला जवळच येऊ देईना.